स्ट्रेस मोजणारं घड्याळ, हेडबँड, दिवा... याने मूड खरंच सुधारतो का?

अर्धीझोप

नमस्कार मंडळी. घड्याळ घेतलं होतं पावलं मोजायला, पण त्यात तो स्ट्रेसचा आकडा पण येतो ना, शून्य ते शंभर, आणि आता पावलं राहिली बाजूला, दिवसभर डोळा त्या आकड्यावरच. मीटिंगमध्ये बोलत असताना मध्येच मनगटाला गुर्रर्र होतं, बघतो तर 'तुमचा ताण वाढलेला दिसतो, एक मिनिट शांत श्वास घ्या'. अरे बाबा मी साहेबांसमोर उभा आहे, आत्ता कसला शांत श्वास! आणि ते वाचून धडधड अजून वाढते ती वेगळीच.

बरं आकडा तरी खरा असावा. मित्रांबरोबर पोट धरून हसत होतो तेव्हा हा ८० च्या वर. आणि ज्या संध्याकाळी खरंच काही नको वाटत होतं, नुसता पडून छताकडे बघत होतो, तेव्हा घड्याळ म्हणतंय तुम्ही अगदी निवांत आहात. डोंबल निवांत!

हे सगळं गुगल केल्यापासून फोनवर जाहिरातींचा पाऊस. कपाळाला लावायचा हेडबँड जो म्हणे मेंदूच्या लहरी बघून ध्यान शिकवतो, कानाला किंवा गळ्यात घालायचं काहीतरी जे 'व्हेगस नर्व्ह', म्हणजे मेंदूतून हृदयाकडे-पोटाकडे जाणारी नस म्हणे, ती शांत करतं, सकाळी समोर ठेवायचा झगझगीत दिवा, जड पांघरूण... सगळ्यांचाच दावा की मूड ठीक होईल. माझं तसं फार मोठं काही नाही, कामाचा ताण आणि संध्याकाळी येणारी मरगळ, झोप जेमतेम. यातलं कोणी काही वापरलंय का, आणि कशाला खरंच काही आधार आहे आणि काय नुसतं मार्केटिंग? जाणकारांनी प्रकाश टाकावा (दिव्यावर पण).

टिकटिक

घड्याळाला मूड कळत नाही हो, त्याला कळते फक्त नाडी. मागच्या बाजूला जो हिरवा लाइट लुकलुकतो तो रक्तात शोषला जातो, प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं तसा परत येणारा उजेड कमी होतो, त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर काढतात. हे अंतर कधीच एकसारखं नसतं, थोडं मागेपुढे होत राहतं, त्याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात, एचआरव्ही. शरीर आरामात असेल तर हे मागेपुढे होणं जास्त, आणि 'लढा नाहीतर पळा'वाली यंत्रणा जागी झाली की ठोके जलद आणि एकसुरी पडायला लागतात. बहुतेक घड्याळांचा स्ट्रेस स्कोअर म्हणजे या दोन गोष्टींची खिचडी. काही मॉडेल्समध्ये त्वचेला येणारा बारीक घाम पण मोजतात, २०२० मध्ये फिटबिटने सेन्स नावाच्या घड्याळात ते आणलं होतं, तळहात घड्याळावर ठेवून बसायचं. पण तिथेही तेच, घाम भीतीने आला की आनंदाने हे घामाला माहीत नसतं.

म्हणजे बघा, आरपीएमच्या काट्यावरून इंजिन किती फिरतंय ते कळतं, गाडी वरातीला चाललीये की दवाखान्यात ते नाही कळत. तुम्ही हसत होतात तेव्हा इंजिन फिरतच होतं, त्यामुळे ८० बरोबरच आहे. आणि मरगळीत पडून होतात तेव्हा नाडी संथ, म्हणून 'निवांत'. उदास माणूस आणि आरामात पडलेला माणूस घड्याळाला सारखेच दिसू शकतात, आणि माझ्या मते हीच यातली सगळ्यात मोठी अडचण आहे कारण ज्या दिवशी मदत हवी त्याच दिवशी ते गप्प बसतं.

नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठाच्या लोकांनी यावर काम केलंय, २०२५ मध्ये आलं. सुमारे ८०० विद्यार्थ्यांना तीन महिने घड्याळ घालायला दिलं आणि दिवसातून चार वेळा विचारलं की आत्ता कसं वाटतंय. घड्याळाचा स्ट्रेस आणि माणसाने स्वतः सांगितलेला स्ट्रेस यांचा मेळ जवळजवळ शून्य! झोपेच्या बाबतीत मात्र बराच बरा मेळ लागला, हे पण सांगायला हवं.

तर आकडा पूर्ण टाकाऊ का? नाही. दिवसाचा सोडून द्या, हात हलला, पट्टा सैल असला, बोटं गार पडली, जिना चढलात, कशानेही तो बिघडतो. रात्री झोपेत मोजलेली नाडी आणि एचआरव्ही बघा आणि तेही स्वतःच्याच मागच्या काही आठवड्यांशी ताडून, दुसऱ्याशी तुलना करू नका, वयानुसार आणि माणसागणिक त्यात प्रचंड फरक असतो. रात्री दारू घेतली, ताप येऊ घातला, उशिरा दणकून जेवलात की नाडी वर आणि एचआरव्ही खाली हे अगदी स्पष्ट दिसतं. बायकांना पाळीच्या आधीच्या दिवसांत पण तसंच दिसतं, त्यात घाबरायचं काही नाही.

उगाच_एक

घड्याळ काढून ड्रॉवरमध्ये टाका. स्ट्रेस ४० ने कमी. पुढचा प्रश्न?

अर्धीझोप

@उगाच_एक हाहा, बायको पण हेच म्हणते. पण खरं सांगू का, काढलं की दिवसभर वाटत राहतं की आत्ता किती असेल. म्हणजे सवय लागलीये.
@टिकटिक आरपीएमचं एकदम पटलं. म्हणजे हसण्याचा राग नव्हता तर घड्याळाला.

मोकळा_श्वास

उगाचराव, ड्रॉवर हा उपाय सगळ्यांना लागू नाही पडत, पण तुमचा मुद्दा अगदीच चूक पण नाहीये. झोपेच्या ट्रॅकरबद्दल २०१७ मध्ये अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी काही रुग्णांचे किस्से छापले होते, स्कोअर सुधारायचा म्हणून माणसं जास्त वेळ अंथरुणात पडून राहायला लागली आणि त्याने झोप उलट अजून तुटक झाली. एकीची तर लॅबमध्ये रात्रभर तपासणी झाली, झोप गाढ लागली असं डॉक्टरांनी सांगितलं, तर ती म्हणाली मग माझा बँड वेगळं का सांगतो? अर्धीझोपभाऊ, तुमची गाडी त्याच रस्त्याला लागलीये असं वाटतंय, वेळीच वळवा.

मी काय केलं ते सांगते. आकडे दाखवणारा तो चौकोन स्क्रीनवरून काढून टाकला, स्ट्रेसच्या सूचना बंद, आणि घड्याळ ठेवलं फक्त एका कामाला, श्वासाचा ठेका धरायला. मनगटाला हलके हलके टोचे येत जातात तोवर श्वास आत, थांबले की सोडायचा. डोळे मिटून करता येतं, कोणाला कळत पण नाही, मी तर लिफ्टची वाट बघताना करते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास, म्हणजे एका श्वासाला दहा सेकंद, त्यातले चार आत आणि सहा बाहेर. हा सहाचा आकडा कोणी असाच ठोकून दिलेला नाही. रक्तदाब सांभाळणारी जी शरीराची आपली यंत्रणा असते तिचा स्वतःचा एक झोका असतो, साधारण दहा सेकंदांचा, श्वास त्याच लयीत आला की दोन्ही जुळतात आणि नाडीचं ते मागेपुढे होणं एकदम मोठं होतं.

विश्वास नसेल तर आत्ता करून बघा, कुठलंच यंत्र नको. गळ्याला जबड्याखाली बाजूला दोन बोटं हलकेच ठेवा (एकाच बाजूला, दाबू नका), नाडी लागली की सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके जवळ जवळ येतात आणि सोडताना लांब लांब पडतात. श्वास सोडताना व्हेगस नर्व्ह हृदयाला ब्रेक लावते, त्याचं हे. जाहिरातीत ज्या व्हेगससाठी तुमच्याकडे पैसे मागतायत ती तुमच्या बोटाखाली फुकटात काम करताना दिसते!

स्टॅनफर्डचा एक प्रयोग २०२३ मध्ये आला होता, रोज पाच मिनिटं असं महिनाभर. एका गटाला नुसतं माइंडफुलनेस ध्यान, बाकीच्यांना वेगवेगळे श्वासाचे प्रकार. सगळ्यांचीच चिंता कमी झाली पण मूड चांगला होण्यात श्वासवाले पुढे, आणि त्यातही एक प्रकार, नाकाने एक श्वास घ्यायचा, तो भरल्यावर वर अजून एक छोटासा, आणि मग तोंडाने लांबलचक सोडायचा. उसासा टाकतो ना आपण, तसाच, फक्त मुद्दाम. मला तो दुपारी तीनच्या पुढे बरा पडतो.

एक मात्र आहे. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घुसमटल्यासारखं होतं, विशेषतः ज्यांना पॅनिक अटॅक येऊन गेलेत त्यांना. तसं झालं तर रेटून करू नका, चालायला जा सरळ.

वायरमन

हेडबँडवर लिहितो, माझ्याकडे आहे. कॅनडाची कंपनी आहे, म्यूझ नाव, २०१४ पासून बाजारात. कपाळावर आणि कानामागे सेन्सर असतात, ईईजीच (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) आहे ते, फक्त दवाखान्यात डोक्यावर वायरींचं जाळं असतं तिथे इथे मोजके चार. कानात वाऱ्या-पावसाचा आवाज लावतात, मन भरकटलं की वादळ, शांत झालं की वारा पडतो, आणि बराच वेळ शांत राहिलात की पक्षी बोलतात. शेवटी पक्षी किती मिळाले त्याची बेरीज. आता काय होतं सांगा, पक्षी बोलला रे बोलला की आनंद होतो, आनंद झाला की वादळ. ध्यान गेलं उडत, मी पक्षी गोळा करत बसलो. आणि दात आवळले, भुवई उचलली की स्नायूंचा करंट मेंदूच्या करंटपेक्षा कितीतरी मोठा असतो, तो मिसळतो. त्याचा एकच फायदा म्हणजे मला कळलं की मी दिवसभर जबडा आवळून बसतो, आता ते सोडायची आठवण राहते. तेवढ्यासाठी हेडबँड लागत नाही हे मान्य.

आता ते व्हेगसवालं. यात तीन गोष्टी सर्रास एकत्र घुसळून विकतात म्हणून जरा सविस्तर. छातीत ऑपरेशन करून बसवायचं एक यंत्र असतं, मानेतल्या व्हेगसला वायर गुंडाळलेली, त्याला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) १९९७ मध्ये अपस्मारासाठी, म्हणजे फिट येण्याच्या आजारासाठी, आणि २००५ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मंजुरी दिली. दुसरं, मानेवर किंवा कानाच्या पाळीजवळ धरून बारीक करंट सोडणारी यंत्रं, त्यातल्या काहींना डोकेदुखीसाठी परवानगी आहे, मूडसाठी अजून अभ्यास चालू आहेत. तिसरं, नुसती थरथरणारी, मनगटात नाहीतर गळ्यात घालायची. जाहिरात तिसऱ्याची आणि पुण्याई पहिल्याची! थरथरीने काहींना बरं वाटतंही, त्यात वाईट काही नाही, पण ऑपरेशनवाल्या यंत्राचे निकाल तिला चिकटवू नका.

आणि 'स्ट्रेस कमी करण्यास मदत' असं डब्यावर लिहायला एफडीएसमोर आधी काही सिद्ध करावं लागत नाही हे लक्षात ठेवा. २०१६ च्या एफडीएच्या मार्गदर्शनात असल्या कमी धोक्याच्या वेलनेस वस्तूंना तपासणीतून मोकळं सोडलंय, फक्त कुठला आजार बरा करतो असं म्हणायचं नाही. म्हणून शब्द बघा, 'मन प्रसन्न', 'संतुलन', 'रिलॅक्स'. डिप्रेशन हा शब्द लिहिला की कायदा वेगळा. डोक्याला करंट देणारी जी यंत्रं असतात त्यांच्याबाबत २०१९ च्या डिसेंबरात एफडीएने अशीच फोड केली, चिंता आणि निद्रानाशासाठी थोडा सैल वर्ग, पण नैराश्यासाठी म्हणून विकायचं तर सगळ्यात कडक वर्ग आणि आधी पुरावा.

घरी बॅटरी आणि स्पंज लावून व्हिडिओ बघून हे करणारे महाभाग पण आहेत. कातडी भाजते. नका करू.

उजेडवाली

दिव्याचं मी सांगते कारण तुम्ही दिलेल्या यादीत त्यालाच सगळ्यात जुना आणि भक्कम आधार आहे. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थंडीत दिवस लहान झाले की येणाऱ्या नैराश्यावर पहिल्यांदा व्यवस्थित लिहिलं आणि तेव्हापासून उजेडाचा उपचार चालू आहे, नंतर बिगर-मोसमी नैराश्यातही त्याचा उपयोग दिसलाय. प्रमाण ठरलेलं आहे, १०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), सकाळी उठल्यावर लवकरात लवकर, अर्धा तास. दिवा २,५०० लक्सचा असेल तर दोन तास बसावं लागतं, कोणाला एवढा वेळ आहे.

इथेच फसवणूक होते बघा. डब्यावर १०,००० लिहिलेलं असतं पण किती अंतरावर ते बारीक अक्षरात. छोट्याशा दिव्यासमोर नाक लावून बसलात तर कदाचित १०,००० मिळतील, हातभर लांब ठेवला की त्याच्या पाव पण उरत नाही. म्हणून मोठ्या पॅनेलचा घ्यायचा आणि साधारण फूटभर ते दोन फुटांत ती तीव्रता मिळते असं लिहिलेलं हवं, अतिनील किरणं गाळणारा हवा. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, थोडा बाजूला ठेवून वाचत बसायचं.

त्याहून सोपं म्हणजे बाहेर जा. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड ३००-५०० लक्स असला तरी खूप, आणि आभाळ भरून आलेलं असतानासुद्धा बाहेर हजारांत असतो. आपल्याला फरक वाटत नाही कारण डोळे लगेच जुळवून घेतात, पण मेंदूतल्या घड्याळाला तो बरोबर कळतो. तुमची मरगळ संध्याकाळची आहे म्हणून संध्याकाळी दिवा लावून बसाल तर झोप अजून पुढे ढकलली जाईल, तेवढं करू नका. सकाळीच.

आणि हे जाहिरातीत कधी सांगत नाहीत: ज्यांना बायपोलर (मूड कधी खूप खाली तर कधी अती वर जाण्याचा आजार) आहे किंवा घरात कोणाला आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरायचा नाही, उजेडाने मेनिया, म्हणजे ती अती उत्तेजित अवस्था, सुरू होऊ शकते. रेटिनाचा आजार असेल किंवा उन्हाने त्वचेवर रिअॅक्शन येणारं औषध चालू असेल तरी आधी विचारा. गंमत नाहीये, परिणाम आहे म्हणूनच दुष्परिणाम पण आहे.

जाता जाता, मरगळ दोन आठवडे रोज आणि बहुतेक वेळ टिकून असेल, आवडीच्या गोष्टीत मन लागत नसेल, भूक-झोप बदलली असेल तर गॅजेटची खरेदी थांबवून डॉक्टरांकडे जा, भाऊ. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ यात गडबड असली तरी अशीच मरगळ येते आणि ते कुठलंच घड्याळ सांगत नाही. जगायला नको असे विचार आले तर त्याच दिवशी, दोन आठवडे मोजत बसायचं नाही.

गुपचूप

थोडं अवांतर, पण कोणी बोललं नाही म्हणून. हा सगळा डेटा जातो कुठे? घड्याळात नाडी, अॅपमध्ये तुम्ही रोज लिहिताय 'आज उदास'. बेटरहेल्प नावाच्या ऑनलाइन समुपदेशनवाल्या कंपनीने लोकांनी विश्वासाने भरलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक वगैरेंना दिली म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) तिला ७८ लाख डॉलर भरायला लावले. आणि ऑफिसने 'वेलनेस' म्हणून बँड फुकट वाटला तर मी तरी घालणार नाही. युरोपात फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजात एआयने माणसांच्या भावना ओळखण्यावर बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण सोडून. बंदी घालावी लागली म्हणजे कोणीतरी करत होतं ना.

मूड लिहायचाच तर वहीत लिहा. किंवा क्लाउडला न पाठवणारं अॅप शोधा, आणि परवानग्यांमध्ये कॉन्टॅक्ट्स, लोकेशन मागत असेल तर तिथल्या तिथे नारळ.

टिकटिक

गुपचूपच्या वहीला +१. आणि त्यात एक सुचवू का, आधी वहीत लिहायचं कसं वाटतंय ते, एक ते दहा, आणि मगच घड्याळ बघायचं. उलटं केलं की आकडा बघून मन त्याच्यासारखं वागायला लागतं.

अर्धीझोप

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बोटं ठेवून नाडीचं करून बघितलं, खरंच सोडताना लांबतात ठोके! मुलाला पण दाखवलं, तो आता सगळ्यांच्या गळ्याला हात लावत फिरतोय.

स्ट्रेसच्या सूचना बंद केल्या. सेटिंगमध्ये तीन पायऱ्या आत लपवून ठेवल्या होत्या, चालू मात्र आपोआप होत्या हे विशेष. हेडबँड कॅन्सल, पक्ष्यांशी स्पर्धा नको. सकाळी दिव्याऐवजी आधी बाहेर चालून बघतो आणि रक्त तपासायला देतो, ताईंनी सांगितल्यावर आठवलं की बी१२ मागे एकदा कमी आलं होतं आणि मी गोळ्या अर्ध्यात सोडल्या होत्या. जड पांघरुणाचं मात्र राहिलं, त्यावर कोणी काही म्हणेल का?

मोकळा_श्वास

पांघरुणाचं २०२० मध्ये स्वीडनमध्ये झालंय, नैराश्य, चिंता वगैरे असलेल्या आणि झोप न लागणाऱ्या १२० जणांवर, सहा ते आठ किलोचं एका गटाला आणि दीड किलोचं दुसऱ्याला. जडवाल्यांची झोप चांगलीच सुधारली. पण जड आहे की हलकं हे अंगावर घेतल्यावर कळतंच, त्यामुळे मनाचा भाग किती ते वेगळं काढता येत नाही. घोरणं जास्त असेल, स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास मध्येच थांबणं) असेल तर नको, आणि लहान मुलांच्या अंगावर अजिबात टाकायचं नाही, तुमच्या त्या गळे तपासणाऱ्या डॉक्टरांपासून लांब ठेवा. उन्हाळ्यात घेऊ नका, उकडून जाल.

उगाच_एक

म्हणजे घड्याळ ड्रॉवरमध्ये नाही टाकणार तर.

अर्धीझोप

@उगाच_एक रात्री घालतो, दिवसा ड्रॉवरमध्ये. तुम्हाला निम्मे मार्क.